पपईच्या बागेतला सत्कार

संघदीप यवतमाळजवळच्या एका मित्रकीटक केंद्रात कंत्राटावर होता आणि ते काम त्याला मनापासून आवडायचं. मोड आलेल्या बटाट्यांवर पपईचा पिठ्या ढेकूण वाढवायचा आणि त्या ढेकणांवर मग एक बारकी माशी सोडायची. माशी आपली म्हणायला; तिळाच्या दाण्याहून लहान, पिवळसर, नजर बसवून पाहिल्याशिवाय दिसतही नाही. परदेशातून ती आपल्याकडे आणली त्याला बरीच वर्षं झाली होती. ती ढेकणाच्या अंगात अंडं घालते, अळी त्याला आतून खाते, ढेकणाचं कडक पिवळं टरफल होतं आणि त्याला भोक पाडून नवी माशी बाहेर पडते. माणसाला चावत नाही, पिकाला हात लावत नाही. तिला सोसत नाहीत त्या दोनच गोष्टी, फवारणी आणि ऊन.

एप्रिलमध्ये बोरी अरबच्या पुढच्या एका तांड्यावरून केंद्रात फोन आला. भीमसिंग राठोडांच्या पपईच्या बागेत पिठ्या शिरला होता. पानांच्या पाठीमागं, फळांच्या देठाशी, खोडावर, जिकडं पाहावं तिकडं पांढरी बुरशी आल्यासारखं झालं होतं. केंद्राच्या उर्वशी मॅडमनी जेवढ्या माश्या तयार होत्या तेवढ्या सगळ्या काचेच्या नळ्यांत भरल्या, नळ्यांच्या तोंडाला मलमल बांधली, आत मधाचं बोट लावलेले कागद ठेवले आणि थर्माकोलचं खोकं संघदीपच्या हातात दिलं.

"ऊन चढायच्या आत पोच," त्या म्हणाल्या. "वाटेत कुठंही थांबू नकोस. उन्हाळ्यात पैदास मंदावते, लगेच दुसरी खेप निघणार नाही."

संघदीप सकाळी मोटरसायकलवर निघाला. बोरीच्या अलीकडं एका मैदानात मंडप दिसला. जयंतीनिमित्त टेनिस बॉलचे सामने चालू होते. निळ्या पताका, भोंगा, आणि सीमारेषेवर उभा असलेला त्याचा कॉलेजातला मित्र प्रफुल्ल, दोन्ही हात वर करून गाडी थांबवणारा.

"आबे, आमचा एक गडी कमी हाये! तूच ये. दोन ओव्हर खेळ अन् जाय."

संघदीपनं खोकं कडुलिंबाखाली ठेवलं. सावली दाट होती. दोन षटकांत निघायचं असं त्यानं खरंच ठरवलं होतं. पण चेंडू बॅटवर यायला लागला. पहिला षटकार विहिरीपलीकडं गेला, भोंग्यावरून त्याचं नाव घेतलं गेलं आणि कॉलेज सुटल्यापासून ज्याला कुणी नावानं ओळखलं नव्हतं तो संघदीप त्या मैदानात पुन्हा कुणीतरी झाला. सामना जिंकला. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. मग नाश्ता, मग फोटो. कडुलिंबाकडं त्याची नजर गेली तेव्हा सावली केव्हाच झाडाच्या दुसऱ्या अंगाला सरकली होती आणि खोकं लखलखीत उन्हात होतं.

त्यानं झाकण उघडलं. आतला बर्फाचा पुडा कोमट झाला होता. नळ्यांच्या तळाशी पिवळी भुकटी सांडल्यासारखं दिसत होतं. त्यानं एक नळी टिचकी मारून पाहिली. काही हाललं नाही.

तिथूनच परत फिरायला हवं होतं. पण मॅडमना काय सांगणार? क्रिकेट खेळत होतो म्हणून? त्यानं खोकं गाडीला बांधलं आणि तो तांड्याकडं निघाला. वाटेत तो स्वतःला समजावत होता, गुंगी आली असेल, गार वाऱ्याला शुद्धीवर येतील.

बागेत भीमसिंग, त्यांची बायको भुरीबाई आणि मुलगा संजय त्याची वाटच पाहत होते. भुरीबाईनं आल्याबरोबर पाण्याचा तांब्या पुढं केला. भीमसिंगांनी पांढरी टोपी नीट केली, जणू कुणी मोठा पाहुणा आला होता. संघदीप झाडांजवळ जाऊन एकेक नळी उघडून पानांवर झटकू लागला. संजय मागं मागं येत होता. त्यानं एक नळी हातात घेतली आणि तळहातावर उलटी केली. जरा वेळ पाहिलं. बोटानं हलवलं.

"भाऊ, हे तं मेले हाये."

"उन्हानं गुंगी आली त्याईले," संघदीप म्हणाला. आपला आवाज इतका शांत कसा निघाला याचं त्यालाच नवल वाटलं. "संध्याकाळी गार झालं का उडतीन."

"एकबी हालून नाई राह्यला."

"संजय," भीमसिंग म्हणाले, "साहेब शिकेल हायेत का तू? त्याईले काम करू दे."

निघताना संघदीपनं केंद्राचा नियम म्हणून सांगायचं ते सगळं सांगितलं. फवारणी करायची नाही. केली तर मित्रकीटक मरतील. धीर धरायचा. भीमसिंगांनी मान हलवली. "तुमी म्हन्सान तसं. माह्या बागेत पंप येनार नाई, हा माहा शब्द."

मे महिन्यात संघदीप पुन्हा गेला तेव्हा बाग ओळखू येत नव्हती. पानं गोळा होऊन पिवळी पडली होती, फळांवर चिकट रस सुटून त्यावर काळी काजळी धरली होती, मुंग्यांच्या रांगा लागल्या होत्या. तो पानं उलटून टरफलं शोधत राहिला. त्याला माहीत होतं, सापडणार नाहीत. तरी तो शोधत राहिला, कारण भीमसिंग जवळ उभे होते.

"टाइम लागते ना साहेब?" त्यांनी विचारलं.

"लागते, काका."

परत आल्यावर त्यानं मॅडमना आडून विचारलं, तांड्यावर अजून थोडे कीटक सोडले तर? मॅडमनी मान वर केली. "का रे? सोडलेले रुजले नाहीत का?"

"रुजले," संघदीप म्हणाला.

त्यानंतरच्या फेरीत संजय दिसला नाही. भुरीबाई बांधावर बसून सुकलेल्या पानांचा ढीग लावत होती. अर्धी बाग तोडून पेटवली होती. संजय कुठं, असं संघदीपनं सहज विचारलं आणि भुरीबाईनं पदर तोंडाला लावला.

झालं असं होतं की संजयनं शेजाऱ्याचा पंप आणला होता. भीमसिंगांनी तो त्याच्या पाठीवरून ओढून काढला. तांड्यावरची माणसं जमली. संजय ओरडला, बा, ते किडे मेलेलेच होते, मी हातावर घेऊन पाह्यले, तो पोट्टा खोटं बोलून राह्यला. भीमसिंगांनी सगळ्यांसमोर त्याच्या थोबाडीत दिली. स्वतःला धीर धरवत नाही म्हणून शिकलेल्या माणसावर आळ घेतो म्हणाले. संजय त्याच कपड्यांनिशी निघून गेला. आता नेरला कुठंतरी काम करतो म्हणे. फोन उचलत नाही.

"लगन होऊन वरीस नाई झालं," भुरीबाई म्हणाली. "सून घरात मुकी होऊन बसली हाये. तुमी सांगा साहेब, बापाचा मार कोन एवढा मनाले लावून घेते?"

संजयची बायको पुष्पा दारात चहाचा कप घेऊन उभी होती. तिनं कप संघदीपच्या हातात दिला आणि ती वर न पाहता आत गेली. चहा फार गोड होता. तो त्यानं कसाबसा संपवला. गाडीवर बसल्यावर त्याच्या मनात नेहमीचे वकील उभे राहिले. फवारणीनं तरी काय होणार होतं? पिठ्याच्या अंगावरच्या मेणातून औषध आत जातच नाही. बाग तशीही गेलीच असती. शिवाय त्या नळ्यांत दोन-चार माश्या जिवंत असतीलही, कुणी सांगावं. वकील बोलत राहिले आणि संघदीप गाडी चालवत राहिला. त्यातलं एकही वाक्य त्याला तांड्यावर जाऊन म्हणता आलं नसतं.

पावसाळा सरता सरता भीमसिंगांचा फोन आला. "साहेब, लवकर या. तुमचे किडे लागले कामाले!"

संघदीप धावत गेला. उरलेल्या झाडांवर नवी पानं फुटली होती. जुन्या पानांच्या पाठीला ढेकणाच्या जागी पिवळी टरफलं चिकटली होती आणि प्रत्येकाला सुईनं टोचल्यासारखं भोक. त्यानं पान उन्हाकडं धरलं. एक बारकी पिवळी माशी त्याच्या अंगठ्यावर चालत आली. क्षणभर त्याला रडूच आलं. सुटलो, असं वाटलं. तळाशी पडलेल्या त्या भुकटीतून काहीतरी जगलं होतं!

मग तो नाल्याकडं गेला. नाल्याच्या काठच्या गाजरगवतावर तशीच टरफलं होती, बागेतल्यापेक्षा कितीतरी जास्त, आणि जुनी, पावसानं धुऊन पांढरी पडलेली. नाल्यापलीकडं जास्वंदीवर होती. पुढच्या गावातल्या शाळेच्या कुंपणावर होती. जितकं पुढं जावं तितकी जुनी. माशी भीमसिंगांच्या बागेतून बाहेर पडली नव्हती. ती कुठून तरी लांबून, गवतागवतावरून, गावागावांतून आपल्या वाटेनं येत येत शेवटी या बागेत पोचली होती. तिला कुणी आणलं नव्हतं. संघदीपनं तर नाहीच.

भीमसिंगांना त्यानं यातलं काही सांगितलं नाही. केंद्रात मात्र कळवलं, बाग सुधारली. उर्वशी मॅडमना इतका आनंद झाला की त्यांनी वरच्या कार्यालयाला लिहिलं, वरच्या कार्यालयानं मेळावा ठरवला, आणि कापूस वेचणी सुरू झाली तेव्हा त्याच बागेत मंडप उभा राहिला. आजूबाजूच्या गावांतून शेतकरी आले. संघदीपला मंचावर बसवलं. शाल आली, नारळ आला, आणि मग भीमसिंगांच्या हाती माइक दिला.

भीमसिंगांना भाषणाची सवय नव्हती. ते माइकपासून तोंड लांब धरून बोलत होते.

"मी अडानी मानूस. पर मी शब्द देल्ला होता, तो पाळला. लोक हसले मले. माहा सोताचा पोरगा म्हने, किडे मेलेले हायेत, साहेब खोटं बोलते. मी त्याले मारलं. तो घर सोडून गेला. मले लय वाईट वाटलं, पर आज वाटते, मी बरोबर होतो. या पोरावर मी इस्वास ठेवला, अन् बाग वाचली."

टाळ्या पडल्या. शाल संघदीपच्या खांद्यावरून घसरत होती, ती सावरायचंही त्याला सुचलं नाही. समोर बायकांच्या घोळक्यात पुष्पा बसली होती. ती टाळ्या वाजवत नव्हती. ती नुसती त्याच्याकडं पाहत होती.

मेळावा उठल्यावर भुरीबाईनं त्याला गाठलं. पिकल्या पपया पोत्यात बांधून तिनं त्याच्या गाडीला अडकवल्या आणि हात जोडले. "साहेब, एक काम करा. संजयले भेटा. नेरले कापसाच्या जिनिंगवर हाये म्हने. आमचं आयकत नाई. तुमी सांगा त्याले, का बाग सुधरली, बापाचं बरोबर होतं, आता राग सोड. तुमच्या तोंडून आयकंन."

संघदीप हो म्हणाला.

जिनिंगच्या फाटकाशी संजय आला तेव्हा त्याच्या केसांत, भुवयांत कापूस होता. तो वाळला होता. संघदीपला ओळखून तो थांबला, पण जवळ आला नाही.

"याडीनं पाठोलं?" त्यानं आईचं विचारलं.

"हो." येताना जुळवलेलं सगळं संघदीप विसरून गेला. "संजय, ते किडे मेलेलेच होते. मी वाटेत क्रिकेट खेळत बसलो होतो. खोकं उन्हात राह्यलं."

यंत्रांचा आवाज मागं चालूच होता. संजयनं भुवईतला कापूस झटकला.

"मंग मले कायले सांगून राह्यला?" तो म्हणाला. "मले तं माईतच होतं. मी हातावर घेऊन पाह्यलं होतं."

"मले वाटलं, एखाददुसरा जिवंत..."

"एकबी नव्हता." संजयचा आवाज चढला नाही. "तुह्या मनाले हलकं वाटावं म्हनून आला का अथी? तांड्यावर जाय. माह्या बाले सांग. सगळे बसले असतीन तवा सांग. मले मारलं तवा बी सगळेच होते."

आणि तो वळून आत गेला.

दुसऱ्या दिवशी संघदीपनं आधी मॅडमना सांगितलं, कारण ते त्यातल्या त्यात सोपं होतं. ऐकताना त्यांनी हातातली नळी खाली ठेवली.

"मे महिन्यात मला बोलला असतास," त्या म्हणाल्या, "तर दुसऱ्या गावची खेप थांबवून मी तांड्यावर पाठवली असती."

संघदीपला हे कधी सुचलंच नव्हतं. त्यानं मनात कितीदा तरी मॅडमचा राग पाहिला होता, नोकरी जाताना पाहिली होती. त्या मदत करतील, हे एकदाही पाहिलं नव्हतं.

"आणि ही माशी आपल्या पायानं इथवर आली," मॅडम पुढं म्हणाल्या, "ही केवढी गोष्ट होती. कुठून आली, कशी आली, आपण तेव्हाच मागोवा घेतला असता. मी मात्र वर लिहून बसले की आपण सोडलेली पसरली. आता ते मी दुरुस्त करते. तांड्याचं तुझं तू बघ."

तांड्यावर तो पोचला तेव्हा भीमसिंगांच्या अंगणात कापसाचा ढीग होता आणि शेजारपाजारची चार माणसं गप्पा मारत बसली होती. त्याला पाहून भीमसिंग उठले, खाट झटकली. "या, या साहेब. भेटला का संजय?"

"भेटला." संघदीप खाटेवर बसला नाही. "काका, संजय खरं बोलत होता. त्या दिवशी मी आनले ते किडे मेलेले होते. मले तवाच समजलं होतं. मी खोटं बोललो."

भीमसिंगांना नीट ऐकू आलं नसावं तसे ते पाहत राहिले. "मंग हे? बागेतले?"

"ते सोताहून आले. नाल्याकडून. लांबून कुठून तरी. ते माहे नाईत."

भुरीबाई कापसाजवळच खाली बसली. दारातून पुष्पाचा आवाज आला. त्या घरात इतक्या वेळा येऊनही संघदीपनं तो पहिल्यांदाच ऐकला.

"म्हंजे ते खोटं नव्हते बोलले."

"नाई वहिनी."

"मी सांगत होती," पुष्पा सासूकडं पाहून म्हणाली. "मी तवाच सांगत होती, ते खोटं बोलत नाईत." आणि ती एवढ्या महिन्यांचं साठलेलं सगळ्यांदेखत रडली. भुरीबाई उठून तिच्याकडं गेली, पण तिनं सासूचा हात बाजूला केला.

भीमसिंगांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, पुन्हा घातली. आता आपल्याला मारतील, असं संघदीपला वाटलं. त्यांनी मारलं असतं तर बरं झालं असतं.

"माइकवर बोललो मी," ते स्वतःशीच म्हणाले. "एवढ्या लोकाईसमोर." मग ते उभे राहिले. "गाडी काढ."

"काका..."

"गाडी काढ म्हन्तो ना. नेरले चाल."

ते त्याला पहिल्यांदाच अरेतुरे करत होते. भीमसिंग मागं बसले. सगळ्या वाटेत त्यांनी आधाराला संघदीपचा खांदा धरला नाही. मागची लोखंडी दांडी पकडून ते ताठ बसून राहिले. खड्डा आला की म्हातारा उसळायचा आणि संघदीप गाडी आणखी हळू करायचा. माफी मागावी असं त्याला दर गावाच्या वेशीवर वाटत होतं, पण माफी मागणं म्हणजे त्यांना काहीतरी द्यायला लावणं, हे त्याला तेवढ्यात कळलं होतं. त्यानं ती मागितली नाही.

जिनिंगवर जेवणाची सुट्टी झाली होती. हमाल भिंतीच्या कडेला डबे उघडून बसले होते, संजय त्यांच्यातच. बापाला पाहून तो अर्धवट उठला. भीमसिंग सरळ त्या सगळ्यांच्या मधोमध जाऊन उभे राहिले.

"आयका, बावाहो," ते मोठ्यानं म्हणाले. माइक नव्हता, तरी आवाज पार फाटकापर्यंत गेला. "हा माहा पोरगा. यानं खरं सांगतलं, अन् मी याले चार लोकाईत मारलं. चूक माही होती. याची नाई."

हमाल घास हातात धरून पाहत राहिले. संजय लाजेनं लाल झाला होता. "बा, बस ना," तो पुटपुटला. "हे कायले अथी..."

"कायले म्हंजे? मारलं तं लोकाईतच होतं ना?"

संजयनं त्यांचा हात धरून त्यांना भिंतीच्या सावलीत बसवलं आणि स्वतःच्या डब्यातली भाकर मोडून त्यांच्यापुढं ठेवली. दोघं जेवले. मग संजय आत जाऊन मुकादमाशी बोलून आला, खुंटीवरची पिशवी काढली आणि खांद्याला लावली.

संघदीप फाटकाशी गाडीजवळ उभा होता. बापलेक त्याच्याजवळून जाऊ लागले तेव्हा तो म्हणाला, "काका, स्टँडवर सोडून देऊ का?"

भीमसिंग थांबले. त्यांनी त्याच्याकडं नीट पाहिलं. रागानं नव्हे, अनोळखी माणूस ओळखीचा वाटला तर पाहावं तसं.

"नाई," ते म्हणाले. "आमी एस्टीनं जातो."

ते दोघं कापसाच्या गाड्यांच्या रांगेतून वाट काढत रस्त्याला लागले. संजयनं पिशवी पलीकडच्या खांद्यावर घेतली होती आणि म्हातारा काहीतरी सांगत होता, बागेचं असावं, कारण तो हातानं झाडाची उंची दाखवत होता. संघदीपला त्यांच्या बरोबर जावंसं वाटलं. तो फाटकाशी तसाच उभा राहिला, एस्टी येऊन त्यांना घेऊन जाईपर्यंत, आणि मग त्यानं गाडीला किक मारली.